फोन आणि टॅबलेटसाठी चांगला गेम कसा शोधावा व दुसऱ्याला कसा सुचवावा

कोणी चांगला गेम सुचवायला सांगितला की आपण स्वतःला आवडलेल्या गेमचे नाव सांगून मोकळे होतो, आणि बहुतेक शिफारशी तिथेच फसतात. माझ्या धाकट्या बहिणीचे बाळ चार महिन्यांचे असताना तिने मला असेच विचारले होते. मी तिला एक अतिशय देखणा, कथेत गुंतवून ठेवणारा गेम सुचवला. तो आडव्या स्क्रीनवर, दोन्ही हातांनी आणि शक्यतो हेडफोन लावून खेळायचा होता. तिच्या मांडीवर मात्र बाळ झोपलेले असे, एकच हात मोकळा असे, आवाज बंद ठेवावा लागे आणि फोन कोणत्या क्षणी बाजूला ठेवावा लागेल याचा नेम नसे. आठवडाभरात तिने तो गेम काढून टाकला. गेममध्ये काही खोट नव्हती. तो कोणत्या वेळी आणि कोणत्या स्थितीत खेळला जाणार आहे, हे मी विचारात घेतले नव्हते. स्वतःसाठी गेम शोधतानाही आपल्या हातून हेच घडते, फक्त तेव्हा आपण दोष गेमला देतो.

आधी वेळ पाहावी

गेमचे प्रकार, म्हणजे कोडी, शर्यती, डावपेच, कथा वगैरे, नंतर पाहिले तरी चालते. आधी पाहावे ते असे, की खेळणाऱ्याला सलग किती मिनिटे मिळतात, किती हात मोकळे असतात, आवाज ऐकता येतो का, इंटरनेट असते का, मध्येच उठावे लागले तर खेळ जागच्या जागी थांबतो का आणि हरल्यावर त्या व्यक्तीला चीड येते की पुन्हा खेळण्याची जिद्द. या प्रश्नांची उत्तरे मिळाली की स्टोअरमधील बहुतांश गेम आपोआप बाद होतात.

१९९७ मध्ये नोकिया ६११० या फोनसोबत आलेला 'स्नेक' इतक्या लोकांच्या हाती का रुजला, याचे उत्तरही यातच आहे. चार-पाच बटणे, एक अंगठा, काही मिनिटांत संपणारा डाव आणि नियम समजावून सांगण्याची गरजच नाही. फोन ज्या प्रकारे हातात असतो, त्याच प्रकारे तो गेम खेळला जात असे.

बहिणीला मी दुसऱ्यांदा जो गेम दिला तो २०१४ मधला 'थ्रीज'. तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण फोनसाठी बारकाईने विचार करून घडवलेला गेम कसा असतो हे त्यात दिसते. चार बाय चारच्या उभ्या फलकावर अंकांच्या फरशा असतात. एक आणि दोन जोडले की तीन होतात. पुढे मात्र सारख्या अंकांचीच जोडी जमते, म्हणजे तीन आणि तीनचे सहा, सहा आणि सहाचे बारा. बोट सरकवले की फरशा एकच घर सरकतात. पुढची फरशी कोणत्या प्रकारची येणार याची खूण वरच्या बाजूला दिसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोट हळू सरकवले तर फरशाही बोटाबरोबर हळू सरकतात, कोण कोणाशी जुळणार ते दिसते, आणि चाल पटली नाही तर बोट न उचलता मागे नेता येते. घड्याळ नाही, घाई नाही. बाळ जागे झाले की फोन उपडा ठेवावा, आणि तासाभराने उचलला तर डाव होता तिथेच असतो.

त्याच वर्षी, 'थ्रीज'नंतर काही आठवड्यांतच, गाब्रिएले चिरुल्ली या तरुणाने '२०४८' बनवून सर्वांसाठी मोफत खुला केला आणि तो कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोहोचला. दोन्ही वरवर सारखे दिसतात. परंतु '२०४८' मध्ये फरशा थेट भिंतीपर्यंत घसरतात, त्यामुळे मोठा अंक एका कोपऱ्यात धरून ठेवला की बराच पल्ला गाठता येतो आणि हात जवळजवळ विचार न करता चालू राहतो. दमलेल्या मनाला '२०४८' बरा वाटतो. विचार करायची हौस असलेल्याला 'थ्रीज' अधिक दिवस पुरतो. कोणाला काय द्यायचे हे ठरवताना असे बारके फरकच उपयोगी पडतात, आणि 'अंकांचे कोडे' एवढ्या वर्णनात ते कधीच कळत नाहीत.

फोन आणि टॅबलेट यांतील फरकही याच टप्प्यावर विचारात घ्यावा. फोनवर आपलेच बोट स्क्रीनचा मोठा भाग झाकते आणि अक्षरे बारीक होतात. २०१२ मध्ये आयपॅडसाठी आलेला 'द रूम' हा एका गूढ पेटीची कुलुपे, खिळ्या आणि चोरकप्पे उघडत जाण्याचा गेम मोठ्या स्क्रीनवर जसा खुलतो तसा फोनवर खुलत नाही. 'पेपर्स, प्लीज' हा गेम आयपॅडवर २०१४ मध्ये आला, पण फोनवर यायला २०२२ उजाडले, कारण टेबलावर कागदपत्रे पसरून तपासण्याचा तो खेळ छोट्या स्क्रीनसाठी नव्याने मांडावा लागला. उलट 'आल्टोज ओडिसी'सारखा, फक्त स्क्रीनला बोट लावून उडी मारण्याचा गेम फोनवरही तितकाच छान वाटतो. त्यात गुण, नाणी आणि हरणे काढून टाकलेली निवांत पद्धतही आहे, आणि झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांतपणे घालवू इच्छिणाऱ्यांना मी तीच सुचवतो.

स्टोअरच्या पहिल्या पानावर विसंबू नये

जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. चिकाटीच्या माणसाला ती सगळी नजरेखालून घालता आली असती. आज तसे करणे अशक्य आहे, त्यामुळे स्टोअर आपल्यासमोर जे आणून ठेवते तेच आपण पाहतो. शोध घेतल्यावर सर्वांत वर येणारा निकाल अनेकदा पैसे देऊन मिळवलेली जाहिरात असतो आणि तसे तिथे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. सर्वाधिक डाउनलोड झालेल्या गेमच्या यादीवरून तो गेम किती जणांनी उतरवून घेतला हे कळते. त्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उघडला, हे कळत नाही.

इतर गेममध्ये दिसणाऱ्या जाहिरातींवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. २०२० मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या गेमच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला, कारण जाहिरातींत खिळ्या ओढून सोडवायची जी कोडी दाखवली होती ती प्रत्यक्ष गेमचा मुख्य भाग नव्हती. मूळ गेम सारखे तुकडे जुळवण्याचा होता. जाहिरात पाहून गेम आवडला असेल, तर आधी कोणीतरी प्रत्यक्ष खेळतानाचा व्हिडिओ पाच मिनिटे पाहावा आणि तोही सुरुवातीचा न पाहता मधला पाहावा.

मग शोधायचे कुठे? मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे आवडलेल्या गेमच्या कर्त्याचा माग काढणे. पुस्तक आवडले की आपण त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक शोधतो. गेमच्या बाबतीत मात्र कर्त्याचे नाव वाचण्याची सवयच आपल्याला नसते. स्टोअरच्या पानावर गेमच्या नावाखाली स्टुडिओचे नाव असते आणि त्यावर बोट ठेवले की त्यांचे बाकीचे काम दिसते. २०१४ मधल्या 'मॉन्युमेंट व्हॅली'चे मुख्य डिझायनर केन वाँग यांनी पुढे दुसऱ्या स्टुडिओतून 'फ्लॉरेन्स' हा एका नात्याची गोष्ट सांगणारा छोटासा गेम २०१८ मध्ये आणला. पहिला ज्याला भावला त्याला दुसरा भावण्याची शक्यता मोठी, आणि हे नाते स्टोअर आपणहून दाखवीलच असे नाही.

दुसरा मार्ग पुरस्कारांच्या याद्यांचा. ॲपल डिझाइन अवॉर्ड्स, ब्रिटनचे बाफ्टा पुरस्कार आणि इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल यांच्या जुन्या याद्या सहज मिळतात. त्यांतील विजेत्यांइतकेच लक्ष नामांकनांकडेही द्यावे, कारण एकाच वर्षी दोन-तीन चांगले गेम आले की उरलेले विस्मरणात जातात.

तिसरा मार्ग फारसा कोणी सांगत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. काही गेम मुळातच मोफत आणि मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा प्रोग्राम कोणालाही पाहता आणि बदलता येतो असे, असतात. त्यांत जाहिराती नसतात आणि काही विकतही घ्यायचे नसते. सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. एकाच ॲपमध्ये डझनावारी तर्ककोडी, प्रत्येकाचा आकार आणि अवघडपणा आपल्याला हवा तसा ठरवता येतो, कोडी प्रोग्राम स्वतः तयार करतो म्हणून ती संपत नाहीत, आणि इंटरनेट लागत नाही. दिसायला ते अगदी साधे आहे, आणि त्यामुळेच अनेक जण ते उघडून लगेच बंद करतात. मी मात्र वर्षानुवर्षे ते फोनमध्ये ठेवले आहे. बुद्धिबळासाठी 'लीचेस' त्याच जातकुळीचे आहे, आणि गुहेत उतरून प्रत्येक वेळी नव्या वाटा शोधायची हौस असेल तर 'शॅटर्ड पिक्सेल डन्जन' आहे (तो अँड्रॉइडवर मोफत मिळतो).

वर्गणी भरून अनेक गेम मिळवण्याची सोयही आता आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ॲपल आर्केडमधील गेममध्ये जाहिराती आणि अंतर्गत खरेदी नसते. तिथे काही जुने गेम नावापुढे अधिकचे चिन्ह लावून ठेवलेले असतात. तोच गेम त्या चिन्हाशिवाय स्टोअरमध्ये वेगळाही असू शकतो, म्हणून सुचवताना नेमका कोणता ते सांगावे.

इन्स्टॉल करण्याआधी पान नीट वाचावे

'ॲपमध्ये खरेदी' एवढा शिक्का पाहून गेम बाद करणे योग्य नाही, कारण हा शिक्का दोन अगदी भिन्न प्रकारच्या गेमवर सारखाच लागतो. एक प्रकार असा, की सुरुवातीचा भाग मोफत खेळावा आणि आवडल्यास एकदाच पैसे देऊन पूर्ण गेम उघडावा. ही पद्धत अतिशय प्रामाणिक आहे. दुसऱ्या प्रकारात हिरे, नाणी किंवा शक्ती पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागते. ॲपलच्या स्टोअरमध्ये खाली सरकले की खरेदीच्या वस्तूंची नावे दिसतात. तिथे 'पूर्ण गेम' अशा अर्थाची एकच नोंद असेल तर निश्चिंत राहावे. 'मूठभर हिरे', 'पेटीभर हिरे', 'गाडीभर हिरे' अशी चढती भाजणी असेल तर गेम कशावर चालतो ते समजावे. प्ले स्टोअरवर नावांऐवजी किमान आणि कमाल किंमत दिसते. कमाल आकडा फार मोठा असेल तर तोच इशारा घ्यावा. बंद पेटीतून नशिबाने वस्तू मिळण्याची सोय असेल, तर कोणती वस्तू मिळण्याची शक्यता किती हे जाहीर करण्याची सक्ती ॲपलने २०१७ च्या अखेरीस केली. तो तक्ता गेममध्ये शोधून वाचावा, विशेषतः गेम मुलासाठी असेल तर.

सरासरी ताऱ्यांवरून फारसे काही कळत नाही. आपण एखादी लेव्हल जिंकून खूश असतो, नेमक्या त्याच क्षणी 'आम्हाला तारे द्या' असे विचारणारी खिडकी समोर येते, त्यामुळे आकडा फुगतो. अभिप्राय वाचावेत ते तीन ताऱ्यांचे आणि अलीकडच्या काळातले. त्यांत गुणही असतात आणि दोषही. एक ताऱ्याचे अभिप्राय वाचताना राग नेमका कशाचा आहे ते पाहावे. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'मॉन्युमेंट व्हॅली'ला आठ नव्या प्रकरणांची जोड मिळाली आणि तिच्यासाठी वेगळे पैसे आकारले म्हणून अनेकांनी एकच तारा दिला. मूळ गेम दहा प्रकरणांचा, एखाद्या संध्याकाळी संपणारा. तो लहान आहे ही काहींची तक्रार होती, आणि ज्याला एका बैठकीत पूर्ण होणारी गोष्ट हवी आहे त्याच्या दृष्टीने तीच मोठी जमेची बाजू आहे. 'प्रगती पुसली गेली', 'नव्या अपडेटनंतर दर मिनिटाला जाहिरात येते', 'पैसे देऊनही जाहिराती थांबल्या नाहीत' अशा तक्रारी मात्र वारंवार दिसल्या तर पुढे जाऊच नये.

गेम शेवटचा कधी अद्ययावत झाला ती तारीखही पाहावी. २०१७ मध्ये आयफोन-आयपॅडच्या आयओएस ११ या प्रणालीने जुन्या, ३२ बिटच्या प्रोसेसरसाठी बनवलेली ॲप चालवणे बंद केले, आणि कर्त्यांनी ज्यांची निगा राखली नव्हती असे कितीतरी सुंदर गेम तेव्हा एकाएकी निरुपयोगी झाले. मला त्याची आजही हळहळ वाटते.

पहिली पंधरा मिनिटे

कोणताही गेम दुसऱ्याला सुचवण्याआधी तो स्वतः कोऱ्या सुरुवातीपासून खेळून पाहावा. आपण तीन वर्षांपूर्वी सुरू केलेला गेम आज नव्या माणसाला तसाच दिसेल असे नाही. इन्स्टॉल केल्यावर पहिली खरी चाल करायला किती वेळ लागतो, त्याआधी खाते उघडायला किंवा सूचनांची परवानगी द्यायला सांगतात का आणि दुकान पहिल्यांदा कधी समोर येते, याकडे लक्ष ठेवावे. मग फ्लाइट मोड चालू करून गेम पुन्हा उघडावा. प्रवासात किंवा कमी रेंजच्या जागी तो चालेल की नाही याचा निकाल तिथेच लागतो. त्यानंतर लेव्हलच्या ऐन मध्यावर असताना दुसरे ॲप उघडावे आणि दहा मिनिटांनी परतावे. 'स्टारड्यू व्हॅली' संगणकावर खेळताना गेममधला दिवस संपेपर्यंत काही सेव्ह होत नाही, पण फोनवरच्या आवृत्तीत मध्येच बाहेर पडले तरी होते तिथून पुढे खेळता येते. फोन कसा वापरला जातो याची जाण असलेल्या कर्त्यांच्या कामात अशा गोष्टी सापडतात.

गेम आपल्याला मुद्दाम थांबवतो का, हेही तपासावे. 'कँडी क्रश सागा'त पाच जीव मिळतात, आणि संपलेला जीव परत मिळायला अर्धा तास लागतो. तोवर थांबा, मित्रांकडे मागा किंवा विकत घ्या. काही जणांना हा सक्तीचा विसावा सोयीचा वाटतो, बहुतेकांना तो डिवचतो. विकत घेतलेला गेम पसंत पडला नाही तर लगेच हालचाल करावी. गुगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत पैसे परत मागता येतात.

सुचवताना

एका वेळी एकच गेम सुचवावा. पाच नावे दिली की समोरचा माणूस एकही उघडत नाही. नावासोबत तो त्याच्यासाठीच का निवडला हे दोन वाक्यांत सांगावे, आणि त्यात जी अडचण येईल तीही आधीच सांगावी. 'मिनी मेट्रो' सुचवताना मी असे सांगतो: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशा स्थानकांना रेघांनी जोडून प्रवाशांना पोहोचवायचे, पहिले दोन डाव सोपे वाटतील, मग एखादे स्थानक अचानक तुंबेल आणि डाव संपेल, तेव्हा वैतागू नका, कारण पुढच्या वेळी रेघ कुठे वळवायची हे त्यातूनच समजते. ज्यांना रंगांतील फरक नीट दिसत नाही त्यांच्यासाठी त्यात वेगळी सोय आहे, हेही आवर्जून सांगतो. 'आय लव्ह ह्यू'सारखा केवळ रंगछटांच्या क्रमावर उभा असलेला गेम अशा व्यक्तीला देणे म्हणजे तिला उगाच खजील करणे होय.

ज्येष्ठांना सुचवताना 'यांना सोपेच हवे' असे गृहीत धरू नये. माझे काका उत्तम बुद्धिबळ खेळतात, पण त्यांचा हात थोडा थरथरतो. सोंगटी बोटाने ओढत नेताना ती भलत्याच घरात पडे आणि ते खेळणेच सोडून देत. 'लीचेस'मध्ये सोंगटीवर एकदा आणि मग इच्छित घरावर एकदा बोट टेकवले तरी चाल होते. शिवाय एका चालीसाठी काही दिवसांची मुदत असलेले डाव मांडता येतात. टॅबलेट त्यांच्यासमोर ठेवून मी शेजारी बसलो आणि स्क्रीनला हात न लावता फक्त एवढेच सांगितले. शेजारी बसणाऱ्याने स्क्रीनला हात लावायचा नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. आपण एक चाल करून दाखवली की ती शोधून काढण्याचा आनंद समोरच्याचा हिरावला जातो.

लहान मुलांसाठी गेम निवडताना वयोगटाची नोंद पाहावी, पण तिथेच थांबू नये, कारण ती नोंद मुख्यतः मजकुराची असते; अनोळखी लोकांशी गप्पा मारण्याची सोय किंवा खरेदीचा तगादा वयोगटाच्या आकड्यावरून नीट उमगत नाही. खरेदीला पासवर्ड आधीच लावून ठेवावा. घरात अनेक जण एकत्र असतील तर 'स्पेसटीम' पाहावा. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन आणि सगळ्यांचे मिळून एकच अंतराळयान. माझ्या स्क्रीनवर आलेली आज्ञा पाळायचे बटण दुसऱ्याच्या फोनवर असते, त्यामुळे सर्वांना एकमेकांना ओरडून सांगावे लागते. गेममध्ये कधीही रस न घेतलेली माणसेही त्यात रंगून जातात.

आठवड्याने विचारपूस करावी, मात्र 'आवडला का?' असे विचारू नये, कारण भिडेखातर होकार मिळतो. कुठपर्यंत पोहोचलात आणि कुठे कंटाळा आला, असे विचारावे. पुढची निवड त्या उत्तरावर अवलंबून असते. बहिणीला 'थ्रीज'बद्दल मी हेच विचारले तेव्हा ती म्हणाली, "दादा, ३८४ पर्यंत गेले, पण आता गोष्ट असलेलं काहीतरी दे, आणि ते एका झोपेत संपलं पाहिजे." एका झोपेत म्हणजे बाळाच्या, साधारण पाऊण तासात. मी तिला 'फ्लॉरेन्स' दिला. तो फोन उभा धरून, एका बोटाने खेळता येतो. त्यातील संगीत मात्र ऐकण्यासारखे आहे, म्हणून एका कानात हेडफोन लावून दुसरा कान बाळाकडे ठेव, असे या वेळी आधीच सांगितले.